शंखांविना समुद्र, समुद्राविना शंख

सोलापूरहून रेल्वेनं वाडी जंक्शनकडे निघालं की कलबुर्गीपर्यंत दोन्ही अंगांना काळी रानं लागतात. तूर, ज्वारी, मध्येच बाभळींची रांग. शहाबाद जवळ आलं की जमिनीचा रंग पालटतो. रुळांच्या बाजूला करड्या, निळसर दगडाच्या खाणी दिसू लागतात आणि थरावर थर रचलेली लादी उन्हात उघडी पडलेली असते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचे ओटे, मोऱ्या, अंगणं आणि देवळांचे सभामंडप ज्या शहाबादी फरशीनं मढवले, ती हीच. फार पूर्वी ती उथळ समुद्राच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ म्हणून साचली होती. समुद्राचा तळ म्हटल्यावर शंख-शिंपले आलेच, असं कुणालाही वाटेल. या फरशीत मात्र एकही शंख नाही.

शंख सापडतात ते तिथून पूर्वेला, गुरमिटकलच्या बाजूला. पूर्वी गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी, जिल्ह्यात असलेला हा भाग आता यादगीर जिल्ह्यात येतो. तिथं दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये गाळाचा एक पातळ पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात गोगलगायींचे शंख दगड होऊन बसले आहेत. तिथं समुद्र मात्र नव्हता. या गोगलगायी गोड्या पाण्याच्या तळ्यांमधल्या. एकाच मुलखात समुद्र आहे पण शंख नाहीत, आणि शंख आहेत पण समुद्र नाही. असं का झालं हे समजून घेतलं, की समुद्रकाठचा शंख दगडात कसा टिकतो आणि बहुतेक वेळा का टिकत नाही, हेही उलगडत जातं.

आधी फरशीकडे पाहू. शहाबाद, सेडम, वाडी या पट्ट्यातल्या चुनखडीला भूशास्त्रात भीमा समूह म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलूख आणि आसपासच्या प्रदेशाच्या भूरचनेवर १८७६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या खडकांचं सविस्तर वर्णन आहे. सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवर पसरलेल्या या खडकांच्या नेमक्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ५४ कोटी वर्षांहून ते जुने आहेत, याबाबत मात्र बहुतेकांचं एकमत आहे. पाठीवर शंख वाहणारे प्राणी समुद्रात दिसू लागले ते त्यानंतर. म्हणजे शहाबादचा समुद्र होता तेव्हा शंख करणारा प्राणीच अजून जन्माला आला नव्हता. याच समूहातल्या हलकल शेल नावाच्या थरात चुआरिया नावाच्या चिमुकल्या सजीवांच्या काळपट चकत्या मिळतात. त्या काळच्या जीवसृष्टीचा असा ठसा तिथं उरला आहे.

त्या काळात शंख असते तरी ते टिकलेच असते असं नाही. गोगलगाय आपला शंख चुन्यापासून बनवते, पण बहुतेक शंखांमधला चुना ज्या स्फटिकरूपात असतो ते फार स्थिर नसतं. त्याला अ‍ॅरागोनाइट म्हणतात. किंचित आम्लधर्मी पाणी झिरपलं की तो विरघळतो. गाळात पुरून राहिला तरी लाखो वर्षांत त्याचं रूपांतर कॅल्साइटमध्ये होतं आणि या बदलात शंखावरची बारीक नक्षी पुष्कळदा पुसली जाते. कालव्यांच्या शिंपल्या मुळातच मुख्यतः कॅल्साइटच्या असतात, त्यामुळे जुन्या सागरी थरांमध्ये कालवं ठळक दिसतात आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या गोगलगायींचा पत्ता लागत नाही.

शंख विरघळला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. गोगलगाय मेली की तिच्या रिकाम्या शंखात गाळ शिरतो आणि घट्ट होतो. पुढं शंख विरघळून गेला तरी आतला पीळदार दगड राहतो. बाहेरून चिकटलेल्या गाळावर शंखाच्या पृष्ठभागाची नक्षी उमटलेली असते. गणपतीच्या मूर्तिकाराकडे साचा आणि साच्यातून काढलेली मूर्ती अशा दोन वस्तू असतात, तशीच ही दोन रूपं. अभ्यासकाला पुष्कळदा मूळ शंखाऐवजी यांतलं एखादंच हाती लागतं. आतला साचा पाहून वेढे किती होते आणि कसे वळले होते हे सांगता येतं, पण पृष्ठभागावरच्या रेघा आणि गाठी कळत नाहीत. त्यामुळे जात ओळखायचं काम अडून बसतं.

समुद्रकाठच्या शंखांचं नशीब ते कुठल्या काठावर राहत होते यावर ठरतं. कर्नाटकातच मालपेसमोर सेंट मेरीचं बेट आहे. तिथले लाव्हाचे बहुकोनी खांब पाहायला पर्यटक जातात. त्या खांबांच्या सांदीकोपऱ्यांत आणि किनाऱ्यावर शंखांचा खच पडलेला असतो. एवढे शंख पाहून वाटतं की लाख-कोटी वर्षांनी इथला खडक शंखांनी भरून जाईल. तसं होण्याची शक्यता कमीच. कातळी किनारा म्हणजे जिथं समुद्र खडक झिजवतो ती जागा, आणि गाळ तिथं ठरत नाही. भरतीची लाट शंख उचलते, कातळावर आपटते, ओहोटीत मागं ओढते. शंखाचा कळस आधी झिजतो, मग ओठ तुटतो, शेवटी त्याची वाळू होते. कातळाला चिकटून राहणाऱ्या टोपीसारख्या गोगलगायी आणि गोलसर नेराइट आज किनाऱ्यावर विपुल दिसतात. भूतकाळातल्या कातळी किनाऱ्यांवरचे त्यांचे जीवाश्म मात्र त्या मानानं फारच थोडे आहेत.

खाडीची गोष्ट निराळी. तिथं पाणी संथ असतं आणि प्रत्येक भरतीबरोबर बारीक गाळ येऊन बसतो. खारफुटीच्या मुळांशी चिखलात रांगणाऱ्या उंच, निमुळत्या शंखांच्या गोगलगायी मेल्या की त्यांचे शंख जागच्या जागी चिखलाखाली जातात. लाट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. खेकडे आणि भोकं पाडणाऱ्या शिकारी गोगलगायींच्या तावडीतून जे सुटतात ते टिकून राहतात. म्हणून प्राचीन किनाऱ्यांचं जे चित्र शंखांवरून आपल्या हाती येतं, ते मुख्यतः चिखलाच्या किनाऱ्याचं असतं. शंख सापडले नाहीत म्हणजे तिथं गोगलगायी नव्हत्या, असा निष्कर्ष काढताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

टिकण्याची आणखी एक रीत कोकणात पाहायला मिळते. मुंबईपासून खाली रत्नागिरीपर्यंत काही ठिकाणी किनाऱ्यालगत शंख, शिंपले आणि वाळू चुन्यानं जखडून तयार झालेला खडक आढळतो. स्थानिक लोक त्याला करल म्हणतात. पाण्यात विरघळलेला चुना वाळूच्या कणांमध्ये पुन्हा साकळतो आणि सगळं एकसंध होतं. हा खडक भूशास्त्राच्या हिशेबानं अगदी कोवळा, काही हजार वर्षांचा. बांधकामासाठी लोक तो काढत आले. समुद्र थोडा मागं सरल्यानं लाटांच्या माऱ्यातून सुटलेला हा काठ आहे, आणि त्याच्यात आजच्याच जातींचे शंख जसेच्या तसे दिसतात.

आता काळ्या पाषाणाकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा वाहू लागला. जमिनीच्या भेगांतून निघून तो पसरत गेला, थंड झाला, आणि त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. आज उरलेला हा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर व्यापतो. पण लाव्हा अखंड वाहत नव्हता. दोन प्रवाहांच्या मध्ये शेकडो, कधी हजारो वर्षं शांत जात. थंड झालेल्या पाषाणाच्या खोलगट भागांत पावसाचं पाणी साचून तळी होत, काठावर झाडं उगवत, पाण्यात मासे, बेडूक, शेवाळ आणि गोगलगायी वाढत. मग पुढचा प्रवाह येई आणि तळं गाळासकट झाकून टाकी. गुरमिटकलचा पट्टा असाच तयार झाला. असे पट्टे नागपूर, छिंदवाडा, आदिलाबाद, विकाराबाद अशा अनेक ठिकाणी आहेत.

या पट्ट्यांचा शोध लागण्याची कहाणी बिदरच्या मुलखाला लागूनच जाते. विल्यम लॅम्बटन यांची त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेकडून वर सरकत होती. १८१५ मध्ये त्यांनी बिदरजवळ आधाररेषा मोजली. १८१८ मध्ये हेन्री वेस्ली व्हॉयसी या डॉक्टरांची या मोजणीवर शल्यवैद्य आणि भूशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. मोजणीची पथकं डोंगरमाथ्यांवर चढत, आणि व्हॉयसी त्या डोंगरांचे दगड पाहत. १८२३ मध्ये गाविलगडच्या डोंगरात त्यांना दगड झालेले शंख मिळाले. लाव्हाच्या डोंगरात शंख ही त्या काळच्या विद्वानांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट होती. उत्तर पूर्ण करायला व्हॉयसींना वेळ मिळाला नाही. १८२४ मध्ये ते वारले.

तो धागा पुढं जॉन ग्रँट माल्कमसन यांनी उचलला. तेही डॉक्टर, मद्रास फौजेतले. हैदराबाद ते नागपूर या वाटेवर निर्मळच्या डोंगरांत त्यांना पाषाणाच्या थरांमध्ये शंखांचे पट्टे आढळले. त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढं १८३७ मध्ये वाचला गेला आणि १८४० मध्ये छापून आला. सोबत शंखांची वर्णनं जेम्स डी कार्ल सॉवर्बी यांनी लिहिली. त्यांनी एका मोठ्या शंखाला फायसा प्रिन्सेपी असं नाव दिलं. ब्राह्मी लिपी वाचणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचं नाव असं एका गोगलगायीला मिळालं. ज्या लिपीची किल्ली प्रिन्सेप यांनी शोधली, त्याच लिपीतले अशोकाचे लेख पुढं कलबुर्गी जिल्ह्यात भीमेकाठच्या सन्नतीला सापडले.

हा फायसा हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. शंखाचा कळस वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर बहुतेक गोगलगायींचं तोंड आपल्या उजव्या हाताला येतं. फायसाचं येतं डावीकडे. शेवटचा वेढा फुगीर आणि मोठा, वरचे वेढे आखूड, टोक बोथट. देवघरातल्या शंखांमध्ये असा उलटा पीळ इतका दुर्मीळ की तसा शंख मिळाला तर तो पुजला जातो. फायसाच्या कुळात मात्र प्रत्येक शंख असाच वळतो. आजच्या तळ्यांत दिसणारे त्याचे नातेवाईक नखाएवढे असतात. दख्खनच्या त्या जुन्या तळ्यांत तो कित्येक सेंटिमीटर वाढत असे. शंखाची भिंत पातळ, म्हणजे लाटांच्या काठावर त्याचा क्षणभरही टिकाव लागला नसता. संथ तळं होतं म्हणूनच तो शाबूत राहिला.

तळ्यातला हा पातळ शंख ६.६ कोटी वर्षं कसा टिकला, याचं उत्तर त्याच्यावर आलेल्या पाषाणात आहे. लाव्हा आणि ज्वालामुखीची राख कुजू लागली की तिच्यातली सिलिका पाण्यात उतरते. हे पाणी खालच्या गाळात झिरपतं. एकीकडे शंखातला चुना कणाकणानं विरघळत जातो आणि त्याच जागी सिलिका बसत जाते. शेवटी शंखाचा आकार तोच राहतो, पण द्रव्य गारगोटीचं होतं. अशा थरांत शंख फोडला तर आत चुन्याची पांढरी भुकटी निघत नाही, काचेसारखी धार निघते. काही ठिकाणी सगळा गाळच चर्ट नावाच्या कठीण दगडात बदलला आहे आणि त्याच्या फुटलेल्या कडेवर शंखांचे छेद वर्तुळावर वर्तुळ असे दिसतात. ज्या लाव्हानं तळं संपवलं, त्याच लाव्हानं शंख जपला.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या सगळ्याची पद्धतशीर मांडणी केली. १८५५ मध्ये त्यांनी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूर परिसराच्या भूरचनेवर लिहिलं, आणि १८६० मध्ये शंखांवरचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. आज नागपूर शहरात सामावलेली टाकळी ही त्यांची आवडती जागा. त्यांच्या निबंधाचं विशेष असं की त्यांनी नागपूरच्या शंखांशेजारी गोदावरीच्या मुखाजवळच्या राजमहेंद्रीचे शंखही ठेवले. राजमहेंद्रीजवळ कातेरू आणि पांगिडी इथंही पाषाणाच्या दोन थरांमध्ये गाळ आहे, पण त्यातले शंख वेगळे आहेत. टरिटेला आणि सेरिथियम हे उंच, निमुळते, खाडीच्या आणि समुद्राच्या पाण्यातले शंख तिथं मिळतात, आणि सोबत कालवंही. म्हणजे लाव्हाच्या थरांत समुद्रकाठचे खरेखुरे शंख पाहायचे तर दख्खनच्या पठारावरून खाली पूर्व किनाऱ्याला जावं लागतं. सह्याद्रीकडून निघालेले लाव्हाचे प्रवाह नदीच्या खोऱ्यांतून सुमारे हजार किलोमीटर वाहत तिथवर पोचले, असं भूशास्त्रज्ञांचं मत आहे. तिथं ते खाडीवर येऊन थांबले आणि खाडीचा चिखल शंखांसकट झाकला गेला.

हिस्लॉप यांचा अंत ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला. टाकळघाटजवळच्या पुरातन शिळावर्तुळांचं उत्खनन पाहून परतताना पुरानं भरलेल्या ओढ्यात ते बुडाले.

मुंबईचं उदाहरण राजमहेंद्रीच्या नेमकं उलट आहे. वरळीला, ऐन समुद्राच्या काठावर, पाषाणांमधल्या गाळात जीवाश्म निघाले ते बेडकांचे. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. बेडूक सहसा खाऱ्या पाण्यात राहत नाहीत, म्हणजे आज जिथं लाटा आपटतात तिथं तेव्हा गोड्या पाण्याचं तळं होतं. आजच्या नकाशावरचा समुद्र पाहून जुन्या किनाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. तो शंखांना आणि बेडकांना विचारूनच बांधावा लागतो.

मग ज्या बिदरजवळ लॅम्बटन यांनी आधाररेषा मोजली, त्या बिदरचं काय? बिदरचं पठार जांभ्या दगडाचं आहे. किल्ल्याच्या भिंती आणि खंदक याच तांबड्या दगडाचे. बहमनी काळात खोदलेल्या नौबादच्या करेझमध्ये, म्हणजे पाण्याच्या भूमिगत बोगद्यात, पाणी येतं तेही याच जांभ्यातून झिरपून. खालच्या काळ्या पाषाणावर ते अडतं आणि बोगद्यात उतरतं. जांभा तयार होतो तो पाषाणावर लाखो पावसाळे पडून. पाणी त्यातला चुना, सोडा, सिलिका धुऊन नेतं आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम मागं ठेवतं. शंख टिकायला जे लागतं नेमकं तेच जांभ्यातून निघून जातं. म्हणून बिदरच्या माथ्यावर शंखांचे जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही. उतारावर, जिथं जांभ्याखालचा पाषाण उघडा पडतो आणि त्यात गाळाचा पट्टा असतो, तिथंच ते मिळू शकतात.

या मुलखात समुद्राचे शंख आले ते माणसांच्या हातून. भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतून तुळजापूरला जाणाऱ्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांच्या माळा असतात. कवडी ही उष्ण समुद्रातल्या गोगलगायीचा शंख. मध्ययुगात मालदीवहून भरलेली गलबतं कवड्या घेऊन येत आणि त्या नाणं म्हणूनही चालत. त्याहून जुना पुरावा तुळजापूरच्या उत्तरेला तेरमध्ये आहे. सातवाहन काळात तगर नावानं भरभराटीला आलेल्या या पेठेच्या उत्खननात शंख कापून केलेल्या बांगड्या मिळाल्या. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, काळ्या मातीत पुरलेले हे शंख म्हणजे व्यापाराच्या वाटांचा दाखला. काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते, ती आम्लधर्मी नसते, म्हणून दोन हजार वर्षांत त्या बांगड्या विरघळून गेल्या नाहीत.

दख्खनच्या गोगलगायींनी आणखी एका मोठ्या वादात साक्ष दिली. हे पाषाण डायनोसॉरांच्या काळातले की त्यानंतरचे, हा प्रश्न शतकभर धुमसत राहिला. हिस्लॉप यांना शंखांवरून ते नंतरचे वाटले. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये हे पाषाण जुने ठरवले आणि लाव्हा पाण्याखाली न येता उघड्या जमिनीवर वाहिला, हेही मांडलं. बिरबल साहनी यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून १९३४ मध्ये पुन्हा नंतरच्या काळाच्या बाजूनं कौल दिला. १९८० च्या दशकात किरणोत्सारी कालमापन आणि नवे जीवाश्म यांनी पारडं फिरवलं. लाव्हा वाहत होता तो दोन युगांच्या सांध्यावरच. बिदरहून फार दूर नसलेल्या विकाराबादजवळच्या नसकलच्या पट्ट्यातून गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात जगापुढं आणले. त्याचं नाव त्यांनी ठेवलं डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. २००२ मध्ये रॉबिन व्हॉटली, सुनील बाजपेयी आणि श्रीनिवासन यांनी गुलबर्गा जिल्ह्यातल्या पट्ट्यांमधून ऑस्ट्राकोड या डोळ्यांनी जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जीवांचं वर्णन केलं. तेही गोड्या पाण्यातलेच निघाले, म्हणजे शंखांनी जे सांगितलं होतं त्यावर शिक्कामोर्तब झालं. राजमहेंद्रीच्या समुद्री थरातल्या सूक्ष्म जीवांवरून गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की तिथला गाळ साचला तो डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतर लगेचच्या काळात.

एवढी साक्ष देणारे हे पट्टे फार पातळ आहेत. खाण काढणाऱ्याला वरचा-खालचा काळा पाषाण हवा असतो, मधला गाळ त्याच्या कामाचा नसतो. टाकळीवर नागपूर शहर वाढलं. कर्नाटकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं जपलेली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं आहेत: लालबागचा नाइस खडक, मरडीहळ्ळीचा उशीसारखा लाव्हा, कोलारजवळचे ज्वालामुखीजन्य खडक, सेंट मेरीचं बेट. गुरमिटकलच्या शंखांनाही त्या रांगेत जागा मिळायला हवी. तिथं एक लहानसा कुंपण घातलेला तुकडा, कन्नड, मराठी आणि तेलुगूत लिहिलेला एक फलक आणि कलबुर्गीच्या किंवा बिदरच्या महाविद्यालयात त्या थरातल्या शंखांचा नीट नोंदवलेला संग्रह, एवढं झालं तरी या सीमाभागातल्या मुलांना फायसाचा डावा पीळ स्वतःच्या हातात धरून पाहता येईल.